लढाईविना आव्हान (टेबलटॉप रोलप्लेइंग)

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका करत गोष्ट रचण्याच्या खेळांत, पात्रांपुढे येणारी, शस्त्राने न सुटणारी अडचण. वाटाघाट, तपास, पाठलाग, लपूनछपून शिरकाव, अवघड प्रवास, दरबारी कारस्थान हे तिचे नेहमीचे प्रकार. लढाईची बांधणी बहुतेक नियमपुस्तकांत आयती मिळते. पाळी कोणाची, घाव किती, कोण केव्हा पडले, हे सारे ठरलेले असते. बोलणी किंवा तपास आला की मात्र गेम मास्टर (खेळ चालवणारा) एकदा फासा टाकायला लावतो, आकडा बघतो आणि तासाभर वाढत गेलेली उत्सुकता एका क्षणात विरून जाते. हे टाळण्यासाठी गेल्या पन्नास वर्षांत निरनिराळ्या रचना सुचवल्या गेल्या.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) युद्धखेळांतून जन्मला, म्हणून त्यात लढाईखेरीज काही नव्हते असा समज आहे. तो बरोबर नाही. समोर आलेला प्राणी शत्रुत्वाने वागेल की बोलायला तयार होईल हे दोन फाशांवर ठरे. शिवाय अनुभवाचे गुण मुख्यतः मिळवलेल्या खजिन्यावर मिळत, मारलेल्या राक्षसांवर कमी. त्यामुळे शहाणा खेळाडू राक्षसाला झोपू देई आणि सोने उचलून निघे. १९७५ च्या पुरवणीत चोर हे पात्र आले आणि कुलूप उघडणे, दबकत चालणे यांना टक्केवारी मिळाली. सोय झाली, पण ‘मी दार कसे उघडतो’ हे सांगण्याऐवजी आकडा पुढे करण्याची सवयही तिथूनच लागली.

तपासाच्या खेळांत या सवयीचा दोष उघडा पडला. सँडी पीटरसनच्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ (१९८१) मध्ये शोध हाच गाभा आहे, आणि सुगावा शोधण्याचा फासा चुकला तर कथा जागीच अडते. रॉबिन लॉजने ‘गमशू’ पद्धतीत (२००७) यावर सरळ उपाय केला : योग्य कौशल्याचे पात्र योग्य जागी पोहोचले की आवश्यक सुगावा मिळतोच, फासा लागत नाही. जस्टिन अलेक्झांडरने २००८ मध्ये मांडलेला तीन सुगाव्यांचा नियम वेगळ्या वाटेने तेच साधतो. ज्या निष्कर्षापर्यंत खेळाडू पोहोचलेच पाहिजेत, त्याच्याकडे नेणारे किमान तीन सुगावे पेरावेत, कारण एक हुकतो, दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते.

इंदूरकर गटाला यासाठी सराफ्याइतकी सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री त्याच गल्लीत भुट्ट्याचा कीस आणि जलेबी. चोरीच्या दागिन्याचा माग काढायचा असेल तर एक सुगावा सराफाच्या वहीत दिवसाच मिळेल, दुसरा मध्यरात्री ठेल्यावर गप्पा मारताना, तिसरा पेढी बंद होण्याच्या आणि ठेले लागण्याच्या मधल्या वेळेत. वेळ हीच इथे अडचण होते, आणि ती फाशाने सुटत नाही. कुठे आधी जायचे हे खेळाडूंनाच ठरवावे लागते. पाठलागासाठी रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) तशीच उपयोगी : राजवाड्यापाशी गर्दी, रंगाचे फवारे, ओळखू न येणारे चेहरे.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या चौथ्या आवृत्तीने (२००८) ‘स्किल चॅलेंज’ या नावाने सर्वसाधारण साचा दिला. ठरावीक अपयशांच्या आत ठरावीक यशे मिळवायची. मूळ आकडे इतके गैरसोयीचे होते की प्रकाशनानंतर लवकरच दुरुस्ती आली आणि अपयशांची मर्यादा सर्वत्र तीन झाली. तरीही गणित सुटले नाही. प्रत्येक फाशाला यशाची शक्यता ७५% धरली, तर तीन अपयशांआधी चार यशे मिळण्याची शक्यता सुमारे ८३% भरते. बारा यशे हवी असतील तर तीच सुमारे २८% वर येते. म्हणजे प्रसंग लांबवला की तो केवळ लांबत नाही, खेळाडू बहुधा हरतातही. दुसरी अडचण टेबलावरची. अपयश मोजले जात असल्याने सर्वांत तरबेज पात्रच फासा टाकते, बाकीचे मोबाईल काढतात. साचा टाकाऊ नव्हता, पण चौथ्या यशानंतर परिस्थिती पहिल्यासारखीच असेल तर मोजणीला अर्थ उरत नाही, आणि नेमके हेच पुष्कळ टेबलांवर झाले.

पुढची सुधारणा ‘घड्याळा’ने केली. व्हिन्सेंट बेकरच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०) मध्ये येऊ घातलेल्या संकटाची घड्याळे होती. जॉन हार्परच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ने (२०१७) चार, सहा, आठ भागांचे वर्तुळ कागदावर काढून भाग भरत जाण्याची रीत लोकप्रिय केली; सगळे भाग भरले की ती गोष्ट घडते. बेकरच्या खेळाने आणखी एक गोष्ट दिली. दोन फाशांची बेरीज अधिक पात्राचा गुण दहा किंवा जास्त आला तर पूर्ण यश, सात ते नऊ आला तर किंमत मोजून यश, सहा किंवा कमी आला तर गेम मास्टरची चाल. गुण शून्य असेल तर मधला निकाल ३६ पैकी १५ वेळा येतो. हा मधला पट्टाच बोलणी, तपास, प्रवास यांना खऱ्या अर्थाने चालवतो.

होळकरांच्या इतिहासातला एक प्रसंग या रचनेत चपखल बसतो. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी त्यांचे नातू मालेराव. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांच्या बोलावण्यावरून रघुनाथराव (दादा) फौज घेऊन शिप्रेपाशी आले. अहिल्याबाईंनी शेजारच्या सरदारांना पत्रे लिहिली, माधवराव पेशव्यांचा पाठिंबा मिळवला, सरदार तुकोजी होळकरांना फौजेसह पुढे पाठवले. बायकांशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही, हरलात तर नामुष्की, असा निरोप त्यांनी धाडल्याचे सांगतात. आपण सांत्वनाला आलो, असे म्हणून दादांनी माघार घेतली.

खेळात याची दोन घड्याळे होतात. ‘फौज शिप्रा ओलांडते’ हे सहा भागांचे, ‘सरदार आपल्या बाजूला’ हेही सहाचे. पुण्याहून येणाऱ्या उत्तराचे चारचे वेगळे ठेवता येते. फसलेला प्रत्येक फासा पहिले घड्याळ पुढे सरकवतो. सात ते नऊ आले तर स्वार पोहोचतो, पण वाटेत दिवाणाच्या माणसाने पत्र वाचलेले असते. किंवा सरदार होकार देतो, पण खर्चाची रक्कम आधी मागतो. गेम मास्टरने आधीच लिहून ठेवायच्या गोष्टी तीनच : दादांना काय हवे, कशाची धास्ती आहे आणि मान राखून परत फिरायला कोणती वाट आहे. तिसरी बहुतेक जण विसरतात. ती नसली की बोलणी शेवटी तलवारीवरच येतात, आणि मग लढाईविना आव्हान फक्त नावापुरते उरते.

वाटाघाटीत खेळाडूचे बोलणे मोजायचे की पात्राचे, हा जुना वाद. वक्तृत्वावरच निकाल दिला तर बुजऱ्या खेळाडूला मुत्सद्दी होताच येणार नाही. नुसत्या फाशावर दिला तर बोलायचे कशाला? चालणारी तडजोड अशी : खेळाडूने काय मागितले आणि बदल्यात काय देऊ केले यावर फासा टाकायचा की नाही व किती आकडा लागेल हे ठरवावे, शब्दांच्या चमकेवर नाही. “दादासाहेब, आपण बाईसाहेबांच्या सांत्वनाला आलात, मग तोफखाना नदीअलीकडे कशाला?” हे अडखळत म्हटले तरी वजन तेच. इंदूरच्या घरांत गप्पा मराठी-हिंदीत सहज सरमिसळतात. नियम हिंदीत आणि दरबार मराठीत, अशी वाटणी केली तर पात्र केव्हा बोलते आणि खेळाडू केव्हा, हे न सांगता कळते.

एकदा टाकलेला फासा परिस्थिती बदलेपर्यंत पुन्हा टाकू नये, हा ‘बर्निंग व्हील’ या खेळातला नियम कोणत्याही खेळात उचलण्याजोगा आहे. नाहीतर लपून शिरणारे पात्र पकडले जाईपर्यंत गेम मास्टर पुन्हा पुन्हा फासा टाकायला लावतो. बक्षिसाचेही तसेच. गुण फक्त मारल्यावर मिळत असतील तर उत्तम बांधलेली बोलणीही खेळाडू तिसऱ्या वाक्याला मोडतात. म्हणून टळलेल्या लढाईला जिंकलेल्या लढाईइतकेच गुण द्यावेत, आणि ते खेळ सुरू होण्याआधी सांगावेत.