अक्षरओळख आणि हुन्नर: ग्रामीण प्रौढ शिक्षणाची पार्श्वभूमी

गावोगावी शिवणकामाचे किंवा विद्युत उपकरणे दुरुस्तीचे वर्ग चालवणाऱ्या जन शिक्षण संस्थान या योजनेचे मूळ खेड्यात नाही, ते मुंबईच्या कामगार वस्तीत आहे. मार्च १९६७ मध्ये मुंबई शहर समाजशिक्षण समितीच्या पुढाकाराने वरळीत पहिले श्रमिक विद्यापीठ, म्हणजे आजच्या जन शिक्षण संस्थानांचे आधीचे रूप, सुरू झाले. खेड्यातून शहरात आलेल्या कामगाराला त्याच्या कामाला लागणारे तंत्र, हिशोब आणि वाचन एकाच ठिकाणी शिकवावे, ही त्यामागची कल्पना होती.

प्रौढांना शिकवण्याचा प्रयत्न त्याहून बराच जुना आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्येच शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. स्वातंत्र्यानंतर, १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता जेमतेम १८ टक्के भरली आणि स्त्रियांची तर ९ टक्क्यांच्याही आत, तेव्हा हा प्रश्न सरकारच्या दारी आला. महाराष्ट्रात १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच ती राज्यभर पोहोचली. एखादे गाव साक्षर झाले की तेथे ग्रामगौरव समारंभ होत असे. एकेका माणसाऐवजी अख्ख्या गावाची प्रतिष्ठा पणाला लावणारी ही युक्ती मोठी हुशारीची होती. मात्र समारंभ आटोपल्यावर वाचायला काही हाती नसेल, तर शिकलेली अक्षरे पुसली जातात, हा अनुभव पुढच्या जवळपास प्रत्येक मोहिमेला आला.

म्हणूनच अक्षर कामाशी जोडण्याचा विचार बळावला. संकरित आणि अधिक उत्पादन देणारे बियाणे आल्यावर, १९६७-६८ च्या सुमारास, केंद्राने शेतकऱ्यांसाठी कार्यात्मक साक्षरतेचा, म्हणजे रोजच्या कामाला उपयोगी पडणाऱ्या वाचन-लेखनाचा, प्रकल्प हाती घेतला. त्यात शेतीप्रशिक्षण, आकाशवाणीवरील कार्यक्रम आणि साक्षरता वर्ग यांची सांगड होती. या जोडणीचे बळ शिवणवर्गात सहज दिसते. ब्लाउज बेतताना छातीच्या मापाचा चौथा भाग काढून त्यात शिलाईची सूट मिळवावी लागते आणि गिऱ्हाइकाचे माप वहीत नावासह टिपावे लागते. तेथे भागाकार आणि नाव लिहिणे शिकण्यासाठी वेगळा आग्रह धरावा लागत नाही.

तरीही राष्ट्रीय धोरणाचा भर अनेक वर्षे अक्षरांवरच राहिला. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि मे १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. १९९० मध्ये केरळातील एर्नाकुलम जिल्हा पूर्ण साक्षर घोषित झाल्यावर स्वयंसेवकांच्या बळावर जिल्हावार मोहिमा निघाल्या आणि त्यांत सिंधुदुर्ग, वर्धा हे जिल्हेही होते. या मोहिमांतून तयार झालेल्या लाखो नवसाक्षरांचे पुढे काय, या प्रश्नामुळे २००० मध्ये श्रमिक विद्यापीठांचे नामांतर जन शिक्षण संस्थान असे झाले आणि त्यांचे कार्यक्षेत्र ग्रामीण भागापर्यंत वाढवण्यात आले. निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा अर्धवट सुटलेले, त्यातही प्रामुख्याने स्त्रिया, हा त्यांचा वर्ग ठरला.

२०१८ मध्ये मात्र ही जोडणी पुन्हा सैल झाली. केंद्राची प्रौढ साक्षरतेची साक्षर भारत योजना मार्चअखेर संपली आणि जुलैमध्ये जन शिक्षण संस्थाने शिक्षण खात्याकडून कौशल्य विकास खात्याकडे गेली. २०२२ पासून राबवल्या जाणाऱ्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या पाच घटकांत व्यावसायिक कौशल्यांचा समावेश आहे. परंतु हा कार्यक्रम शिक्षण मंत्रालयाचा असल्याने हुन्नर शिकवणारी जुनी यंत्रणा आणि अक्षरे शिकवणारी नवी यंत्रणा आज वेगवेगळ्या मंत्रालयांच्या हाताखाली आहेत.