८८ या आकड्यात काय लपलंय?

ऑनलाइन द्वेष म्हटलं की आपल्याला वाटतं शिव्या असणार, धमक्या असणार, पण अमेरिकेतले नव-नाझी काय लिहितात ते बघा, कित्येकदा त्यात एकही वाईट शब्द सापडत नाही. नावापुढे नुसतं ८८ असतं. इंग्रजीतलं आठवं अक्षर एच, म्हणून ८८ म्हणजे एच एच, म्हणजे 'हाइल हिटलर'. आता १९८८ साली जन्मलेले कितीतरी लोक पण आयडीत ८८ लावतातच, त्यामुळे नुसते शब्द शोधणारं सॉफ्टवेअर इथे फसतं. त्यांच्यातल्याला खूण बरोबर पटते, बाहेरच्याला काही कळत नाही, आणि कोणी हटकलंच तर 'मस्करी होती' म्हणायला मोकळे!

२०१६ मध्ये या द्वेष करणाऱ्यांमध्ये ज्यू लोकांच्या नावाला खूण म्हणून दोन्ही बाजूंनी तीन-तीन कंस लावायची पद्धत पसरली. कंसच का, तर सर्चमध्ये विरामचिन्हं सहसा धरलीच जात नाहीत, म्हणजे शोधून सापडायला अवघड. गूगलच्या क्रोम ब्राउझरसाठी तर असं एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) होतं जे ज्यू नावं ओळखून आपोआप कंस लावायचं, गूगलने ते जून २०१६ मध्ये काढून टाकलं. मग खूप ज्यू पत्रकारांनी मुद्दाम स्वतःच्याच नावाला कंस लावले, मला हे फार आवडलं.

कोड पकडला की बदलतो. अमेरिकेत दुसरं यादवी युद्ध व्हावं असं म्हणणारे त्याला 'बूगालू' म्हणायचे, मग उच्चार जवळचा म्हणून 'बिग लुआऊ' झालं, लुआऊ म्हणजे हवाईमधली मेजवानी, आणि २०२० मध्ये ही माणसं फुलाफुलांचे हवाईयन शर्ट घालून, हातात रायफली घेऊन मोर्च्यात उभी होती.

म्हणून काही संशोधक कोडऐवजी साधे छोटे शब्द मोजतात. टेक्सास विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी अल-कायदाचे मजकूर कॉम्प्युटरवर तपासले, तर त्यात 'ते', 'त्यांना', 'त्यांचं' अशी सर्वनामं भरपूर निघाली. म्हणजे आपण कोण आहोत हेच हा गट शत्रूवरून ठरवत होता. असे शब्द माणूस ठरवून वापरत नाही, त्यामुळे लपवणंही कठीण, मला तरी ही वाट जास्त भरवशाची वाटते.

कारण मस्करी म्हणून सोडून देणं किती महाग पडतं ते न्यूझीलंडने भोगलंय. १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींवर हल्ला झाला, ५१ माणसं गेली. हल्लेखोराने हल्ल्याआधी आपल्या नेहमीच्या ऑनलाइन कट्ट्यावर पोस्ट टाकली होती, आता टवाळक्या पुरे, प्रत्यक्षात काहीतरी करू अशा अर्थाची, आणि तीसुद्धा त्याच टवाळ भाषेत.