वरचे दोन फूट

सार्थक अंक, म्हणजे आकड्यातले खरोखर मोजून आलेले अंक, शिकवताना एव्हरेस्टची एक गोष्ट हमखास निघते. सहा मापांची सरासरी बरोबर 29,000 फूट आली, लोकांना ती राउंड फिगर वाटेल म्हणून 1856 मध्ये जाहीर करताना वर दोन फूट चढवले. गोष्ट झकास आहे, पण हिशेब तिला साथ देत नाही.

नेपाळात सर्वेक्षकांना मज्जाव होता. म्हणून 1849-50 मध्ये थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, बिहारच्या सपाटीवर सहा ठिकाणी लागला, शिखरापासून 175 ते 190 किलोमीटरवर. पुढे छापून आलेली सहा उत्तरं फुटांत अशी: 28,991.6, 29,005.3, 29,001.8, 28,998.6, 29,026.1, 28,990.4. बेरीज करून सहाने भागा. 29,002.3 येतात. पूर्णांकात आणताना .3 तेवढे सोडले. चढवलं काहीच नाही.

गोष्टीतली अडचण मात्र खरी आहे. 29,000 मधली शेवटची तीन शून्यं मोजून आलेली की नुसती जागा धरून बसलेली, हे आकडा बघून कळत नाही. 2.9000 × 10⁴ लिहिलं की शून्यंही मोजलेली हे कळतं आणि प्रश्न मिटतो, पण शिखराची उंची अशी कोण सांगतं?

शून्यांच्या या कौतुकात खरा मुद्दा मागे पडतो. सहा उत्तरांत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं यांत 35.7 फुटांचं अंतर आहे. तिथे दोन फुटांवरून वाद कसला घालायचा! शिवाय 1955 मध्ये भारतीय सर्वेक्षणातून 8848 मीटर, म्हणजे जवळपास 29,029 फूट आले. सहाही जुनी उत्तरं त्याच्या खाली, सर्वांत मोठंसुद्धा. हवेतून वाकत येणारा प्रकाश, हिमालयाकडे ओढला जाणारा ओळंबा, शून्य म्हणून धरलेली समुद्रपातळी, यांतल्या चुका सगळ्या ठिकाणी एकाच बाजूने शिरू शकतात. रीडिंगं सहा घ्या की साठ, सरासरीने त्या कटत नाहीत. प्रयोगवहीत ‘तीन वेळा मोजा’ लिहिणारे हे क्वचितच सांगतात.

2005 मध्ये चीनने 8844.43 मीटर जाहीर केले, अधिक-उणे 0.21 सह. नेपाळ 8848 वर ठाम राहिला. भांडण दशांशाचं नव्हतंच: चीनने खडकाचा माथा मोजला होता, वरचा साडेतीन मीटर बर्फ वगळून. डिसेंबर 2020 मध्ये दोघांनी मिळून 8848.86 जाहीर केले, बर्फ धरून.