मळईची जमीन: पाणी येते तसे जायलाही हवे

नदीने आणून टाकलेली माती सुपीक असते, हे सर्वांना ठाऊक असते. ती सुपीक टिकणार की नाही, हे मात्र आलेले पाणी निघून जाते का यावर ठरत आले आहे.

नाईलकाठी ते निघून जाई. उन्हाळ्याच्या अखेरीस चढलेले पुराचे पाणी बांध घालून केलेल्या मोठमोठ्या वाफ्यांत साधारण मीटर-दीड मीटर उंच घेत आणि 40 ते 60 दिवस कोंडत. गाळ तळाला बसे, जमीन खोलवर भिजे. मग पाणी परत सोडून देत; जाताना ते क्षारही धुऊन नेई. उरलेल्या चिखलात गहू, जव, जवस फेकून पेरत. हजारो वर्षे हे चालले, आणि त्यात गाळाइतकेच श्रेय या निचऱ्याचे आहे.

युफ्रेटिस-टायग्रिसच्या खोऱ्यात पूर वसंतात, ऐन पीक काढणीच्या तोंडावर येई. त्यामुळे भिस्त कालव्यावर. सपाट मैदानात पाण्याला बाहेर पडायला उतार नाही, म्हणून भूजल वर आले. पोयट्याचे कण बारीक. भूजल दीड-दोन मीटरवर असले तरी ओल केशाकर्षणाने, म्हणजे कणांमधल्या बारीक फटींतून आपोआप, वर चढते, पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. याच खोऱ्यातल्या, दक्षिण इराकमधल्या प्राचीन नोंदींच्या मातीच्या पाट्यांवर गव्हाचा वाटा घटून जवाचा वाढलेला दिसतो. कारण केवळ क्षारच होते का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचे माप, 6 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की गव्हाचे उत्पन्न घटू लागते आणि जव 8 पर्यंत तग धरतो, हे खरेच.

गंगेचा कालवा 1854 मध्ये सुरू झाला. उत्तरेच्या मैदानात कालव्यालगतच्या सखल पट्ट्यांत पुढे पाणी साचले, क्षार वाढले. तिथल्या ऊसर जमिनीत, म्हणजे आपल्याकडच्या चोपणमध्ये, सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात. नुसते पाणी सोडले तर ते वरच साचते. म्हणून आधी बांधबंदिस्ती व सपाटीकरण करतात, मातीपरीक्षणानुसार जिप्सम (सोडियमची जागा घेणारे कॅल्शियम देणारे खनिज) वरच्या 10 सेंटिमीटर थरात मिसळतात, पाणी साठवून सोडियम खाली धुतात आणि पहिले पीक भाताचे घेतात. जिप्सम खोल गाडले की ते विरळ होते आणि वरचा थर तसाच राहतो.

इजिप्तमध्ये नाईलवरचे आस्वानचे उंच धरण 1970 मध्ये पूर्ण झाले. जवळजवळ सगळा गाळ मागच्या जलाशयात अडकू लागला, वर्षाचा पूर थांबला आणि बारमाही सिंचन आले. गाळाच्या जागी खते आली. पुराची धुलाई बंद पडल्यावर क्षार वाढू नयेत म्हणून इजिप्तला शेतांखाली सच्छिद्र निचरा-नळ्यांची जाळी मोठ्या प्रमाणावर पुरावी लागली.