पडद्यावरचा लांडगा आणि नान्नजच्या माळावरचा

वेअरवुल्फच्या, म्हणजे माणसाचा लांडगा होण्याच्या सिनेमात सगळा जीव दोन-तीन मिनिटांच्या एका दृश्यात असतो. पौर्णिमेचा चंद्र वर येतो, माणूस कळवळून खाली कोसळतो, हाडं कडाकडा वाजतात आणि अंगभर केस उगवतात. 1981च्या 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'मधलं हे दृश्य आजही सरस वाटतं. मेकअप कलाकार रिक बेकर यांनी ते संगणकाच्या मदतीशिवाय उभं केलं होतं. केस उगवताना दाखवायचे म्हणून त्यांनी खोट्या कातडीतून केस आत ओढून घेतले आणि फिल्म उलटी चालवली. त्या कामाला मेकअपचं ऑस्कर मिळालं. त्याआधी 1941च्या 'द वुल्फ मॅन'मध्ये लॉन चेनी ज्युनियरच्या चेहऱ्यावर चक्क याकचे केस चिकटवले होते.

प्रत्यक्षात आपल्या डोक्यावरचा केस महिन्याला जेमतेम 1 सेंटिमीटर वाढतो. हाडाचं काम त्याहून सावकाश चालतं. काही पेशी जुनं हाड विरघळवतात, दुसऱ्या पेशी नवं रचतात. म्हणून तर साध्या मोडलेल्या हातालाही काही आठवडे प्लास्टर लागतं. वजनाचा हिशोबही जुळत नाही. आपल्याकडचा लांडगा साधारण 20 किलोंचा. सत्तर किलोंचा माणूस तसा व्हायचा, तर उरलेले 50 किलो जाणार कुठे? सिनेमातला प्राणी तर उलट माणसाहून दांडगा होतो.

एक गोष्ट मात्र हे कलाकार बारकाईने करतात, ती म्हणजे मागचे पाय. पाहणाऱ्याला वाटतं, गुडघा उलटा वाकलाय. तो गुडघा नव्हेच, ती टाच आहे. लांडगा चवड्यावर, म्हणजे बोटांवर चालतो. टाच उंच हवेत राहते आणि खरा गुडघा वर पोटाजवळ, केसांत झाकलेला असतो. गल्लीतल्या कुत्र्याच्या पायावरून हात फिरवलात तरी हे कळेल.

चाव्याची गोष्टही हवेतून आलेली वाटत नाही. 2022च्या 'भेडिया'तला नायक अरुणाचलच्या जंगलात लांडगा चावल्यावरच बदलू लागतो. चावा, मग काही दिवस सगळं ठीक, आणि अचानक आपलं माणूस ओळखू येईनासं होतं: हे वर्णन रेबीजशी किती जुळतं पाहा. त्याचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो, त्यात बहुधा आठवडे, कधी महिने जातात. लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य. पण त्याआधीच्या काळात लस काम करते. म्हणून चावा लहान असो की मोठा, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि थेट दवाखाना गाठा.

पौर्णिमेची सक्ती मुख्यतः सिनेमानेच पक्की केली. युरोपातल्या कित्येक जुन्या कहाण्यांत लांडग्याचं कातडं किंवा पट्टा अंगावर चढवला की काम भागायचं. खरा लांडगा चंद्रासाठी ओरडत नाही. पांगलेल्या घरच्यांना हाक मारायला आणि हा मुलूख आमचा आहे, हे शेजारच्या कळपाला कळवायला तो सूर लावतो.

आणि इथेच मला या सिनेमांचा राग येतो. सोलापुरापासून जवळच, नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात लांडगा राहतो. पडद्यावरच्यासारखा एकटा, चवताळलेला नव्हे, तर कुटुंबकबिल्यासह. नर, मादी आणि त्यांची पिल्लं. आईबाप शिकार करून येतात आणि पोटातलं मांस ओकून पिल्लांना भरवतात. काळवीट, ससे, उंदीर हे त्याचं खाणं. संधी साधून मेंढरूही उचलतो. धनगरांचं नुकसान होतं ते खरंच, आणि त्याची भरपाई वेळेत मिळायला हवी. उत्तर भारतात लांडग्यांनी मुलांवर हल्ले केल्याच्या घटनाही घडल्या आहेत. तरीही एरवी तो माणसाची चाहूल लागताच निघून जाणारा प्राणी आहे. देशभरात असे लांडगे अंदाजे तीन हजारच उरलेत. वन्यजीव कायद्याने त्यांना वाघाइतकंच संरक्षण दिलंय, पण त्यांचा माळ मात्र सरकारदरबारी बऱ्याचदा 'पडीक' ठरतो आणि नांगराखाली किंवा प्लॉटिंगखाली जातो.

अर्धा हा, अर्धा तो असा प्राणी मात्र खरोखर आहे. पुणे जिल्ह्यातल्या माळावर वेगळ्याच फिकट रंगाचे लांडगे दिसले. जनुकीय तपासणीत त्यांच्यात कुत्र्याचा संकर असल्याचं 2023मध्ये समोर आलं. गावाच्या कडेचा उकिरडा वाढतो तशी भटकी कुत्री माळावर वाढतात, आणि लांडग्यांत जोडीदार कमी पडू लागले की हे संकर होतात. रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार) यांसारखे रोगही त्याच वाटेने लांडग्यांपर्यंत पोचतात. नान्नजचा लांडगा अस्सल राहायला हवा असेल, तर अभयारण्याभोवतीच्या गावांतल्या कुत्र्यांचं लसीकरण, निर्बीजीकरण आणि तिथल्या कचऱ्याची सोय आधी व्हायला हवी.