कॅज्युअल्टीतली हिस्टरी

हिस्टरी म्हणजे इथे इतिहास नव्हे. इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, पेशंट, किंवा त्याला घेऊन आलेलं माणूस, 'काय झालं' म्हणून जे सांगतं त्याला डॉक्टर लोक हिस्टरी म्हणतात. वॉर्डात ती निवांत बसून घेता येते. कॅज्युअल्टीत मात्र अर्धीच मिळते, कधी खोटी मिळते, कधी बेशुद्ध माणसाच्या खिशातल्या गोळ्यांच्या पाकिटावरून जुळवावी लागते, आणि ती पुरी व्हायच्या आधीच काहीतरी ठरवून मोकळं व्हावं लागतं.

गोव्यात यात आणखी एक भानगड असते ती म्हणजे रेफर, म्हणजे पेशंटला मोठ्या इस्पितळात पाठवणं. म्हापशाचं आझिलो, मडगावचं हॉस्पिसियो, तालुक्याची आरोग्य केंद्रं, सगळीकडून सिरियस केस शेवटी 'बांबोळीला हलवतात', म्हणजे गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात). म्हणजे वाळपईचा पेशंट तिथे पोचेपर्यंत त्याची गोष्ट घरच्यांनी केंद्रावर, केंद्राने १०८ वाल्यांना आणि त्यांनी ड्युटी डॉक्टरला अशी तीनदा सांगून झालेली असते, आणि दर खेपेला ती थोडी आखूड होते आणि जास्त ठाम होते. घरी 'छातीत कसंतरी होतंय, गॅस असेल बहुतेक' असं असतं, रेफरच्या चिठ्ठीवर नुसतं 'गॅस' उरतं. म्हणून शहाणे डॉक्टर चिठ्ठी वाचतात पण पेशंटला परत पहिल्यापासून विचारतात, नातेवाईक वैतागतात तरी. हार्ट अटॅकमध्ये पहिला ईसीजी साफ नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे संशय असला तर काही वेळाने परत काढतात, ट्रोपोनिनचं (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) रक्तही दोनदा तपासतात. 'दोनदा कशाला, बिल वाढवायला?' हा प्रश्न ठरलेला.

साप चावल्याच्या केसमध्ये तर गोष्टच अर्धं निदान असते. घोणस किंवा फुरसं चावलं तर सूज, दुखणं, रक्त गोठत नाही. त्यासाठी कोरड्या काचेच्या नळीत थोडं ताजं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि गोठलं का बघतात. पण मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण धड दिसत नाही, दुखतही नाही, आणि माणूस पहाटे पोटात कळ आली म्हणून येतो. मण्यारीचं विष रक्तावर नाही, नसांवर चालतं, म्हणून तेव्हा ही २० मिनिटांची टेस्ट नॉर्मल येते आणि फसवते. पापण्या जड झाल्यात का आणि रात्री कुठे झोपला होता, हे विचारणाऱ्यालाच ते कळतं.

तसंच सत्तरी तालुक्यातल्या तापाचं. क्यासनूर म्हणजे माकडताप १९५७ साली कर्नाटकात सापडला, सत्तरीत २०१५ पासून केसेस येऊ लागल्या, आणि त्याचा सीझन नेमका काजूचा. बोंडू गोळा करायला रानात गेलेला, आसपास माकडं मेलेली, एवढं कोणी सांगितलं तर डॉक्टरच्या डोक्यात वेगळी घंटा वाजते, नाहीतर डेंगी समजून बसायचं.

लोक खोटं का सांगतात? बहुतेक वेळा पोलिसांच्या भीतीने. अपघाताची केस एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची) होते, पण म्हणून उपचार थांबवता येत नाहीत, जीव वाचवणं आधी हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय, आणि मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जखमीला आणून सोडणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही. एमएलसीच्या कागदावर डॉक्टर 'अलेज्ड हिस्टरी ऑफ' लिहितात, म्हणजे असं सांगितलं गेलं, मी पाहिलं नाही. अनिश्चितता इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच कुठे लिहिली जात असेल! बाई 'न्हाणीत पडले' म्हणते, किंवा तिच्याऐवजी सासूच म्हणते, आणि वळ मात्र दंडावर बोटांचे असतात, तेव्हा सासूला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवायचं आणि मग परत विचारायचं, हा अलिखित नियम.

उलट दिशेने सांगणं जास्त कठीण. नातेवाइकांना 'धोका टळला' ऐकायचं असतं आणि डॉक्टरकडे असतं 'सहा तास बघूया'. पेशंटला व्हेंटिलेटर नको होता का, हे विचारायची वेळ नेमकी तो बोलू शकत नसतो तेव्हा येते. लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या पत्राला, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्यता दिली, प्रक्रिया २०२३ मध्ये सोपी केली, आणि गोव्यात पहिलं असं पत्र २०२४ मध्ये न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी नोंदवलं. तरी रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत ते पत्र कोणाच्या कपाटात आहे हे मुलालाच माहीत नसलं तर डॉक्टर जीव वाचवायच्याच बाजूने जाणार.

राहिल्या नंतर सांगायच्या गोष्टी. केस शिकवायला डॉक्टर एकमेकांना सांगतात, नाव वगळतात. मुंबईत तेवढं पुरतं. गोव्यात पेडण्यातला अमुक वाडा, बसचा ड्रायव्हर, दोन मुली एवढं म्हटलं की ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी त्याच्या मेव्हण्याला ओळखत असतो. म्हणून इथे चांगले शिकवणारे नावाबरोबर तालुकाही बदलतात, धंदाही बदलतात, फक्त ईसीजी तोच ठेवतात.