ठसा उठतो कसा?

श्रावणातली गोष्ट. राखीच्या पाकिटात भावासाठी हाताने केलेलं कार्ड घालायचं, असं लेकीने आणि मी ठरवलं. दुकानातून चांगली चकचकीत कार्डशीट आणली, कपाटातलं जांभळ्या शाईचं जुनं स्टॅम्प पॅड काढलं, रबरी फुलाचा ठसा दाबला. फूल सुरेख उठलं. अर्ध्या तासाने लेकीचा अंगठा त्यावरून गेला आणि फुलाला शेपूट फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही शाई ओलीच होती. पंख्याखाली ठेवून पाहिलं, काही उपयोग झाला नाही.

कारण ती शाई पंख्याच्या वाऱ्याने वाळणारी नव्हतीच. ‘वाळणं’ म्हटलं की आपल्याला दोरीवरचे कपडे आठवतात: पाणी उडून गेलं की काम झालं. स्टॅम्प पॅडच्या नेहमीच्या शाईत मात्र पाण्याच्या जोडीला ग्लिसरीन किंवा त्याच्या भावकीतलं एखादं ग्लायकॉल असतं, आणि ते मुद्दाम घातलेलं असतं. नुसत्या पाण्याची शाई असती तर झाकण उघडं राहिलेलं पॅड दुपारपर्यंत खडखडीत झालं असतं. ग्लिसरीनचा उत्कलनबिंदू २९० अंश सेल्सिअस. घरातल्या हवेत ते उडून जात नाही; उलट हवेतली वाफ स्वतःकडे ओढून घेतं. म्हणजे कोकणातल्या किंवा मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात असली शाई कोरडी होण्याऐवजी थोडी जास्तच ओलसर होते.

मग कचेरीतला कारकून दिवसाला शंभर शिक्के मारतो, त्याचे का फिसकटत नाहीत? तिथे शाई उडत नाही, मुरते. साधा कागद म्हणजे लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूंचं दाट जाळं. तंतूंमधल्या फटी इतक्या बारीक की द्रव त्यात आपोआप खेचला जातो. दिव्याच्या वातीत तेल चढतं, तीच ही केशाकर्षणाची क्रिया. शाई आत गेली की वरचा पृष्ठभाग कोरडा लागतो, ग्लिसरीन मात्र आतच असतं. माझ्या चकचकीत कार्डावर प्लॅस्टिकचा पापुद्रा होता. तिथे फटीच नाहीत, तर शाई जाणार कुठे?

मुरण्याला एक गंमतीदार नियम आहे. टिपकागदाची पट्टी शाईत उभी धरा आणि घड्याळ लावा. पहिला सेंटिमीटर झटकन चढतो, पुढे वेग मंदावत जातो. दुप्पट अंतर चढायला साधारण चौपट वेळ लागतो, कारण जितकी शाई आत जाते तितकी मागच्या सगळ्या भिजलेल्या वाटेवरून नवी शाई ओढावी लागते. १९१८ मध्ये लुकास आणि १९२१ मध्ये वॉशबर्न या शास्त्रज्ञांनी हे गणिताने मांडलं. कागद फार तहानलेला असेल तर ठशाच्या रेषेला बाजूने मुळं फुटतात, ‘शाई फुटली’ म्हणतो ते हेच. वहीच्या कागदावर ती टिपकागदाइतकी फुटत नाही, कारण कारखान्यात त्याला खळ दिलेली असते; पाण्याला सहज आत शिरू न देणारे स्टार्च, राळ असे पदार्थ. कार्डासाठी कागद निवडायचा तो या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. जिभेचं टोक कागदाला लावून बघण्याची जुनी युक्ती आहे: जीभ चिकटली तर कागद फार पिणारा. मला ती आवडते, लेकीला किळसवाणी वाटते.

जांभळ्या रंगाबद्दलही सांगायला हवं. स्टॅम्प पॅडच्या जांभळ्या शाईत परंपरेने मिथाइल व्हायोलेट हे रंगद्रव्य वापरत आले आहेत. तोंड आलं की घरातली मोठी माणसं कापसाच्या बोळ्याने जे जांभळं औषध लावत आणि आठवडाभर ओठ तसेच राहत, ते जेन्शन व्हायोलेट याच कुळातलं. जिवाणूंचे दोन गट ओळखण्यासाठी ग्रॅम या डॅनिश डॉक्टराने १८८४ मध्ये जी पद्धत सांगितली, तीही याच जांभळ्यावर उभी आहे. डागाळण्यात इतका पटाईत असलेला हा रंग उन्हापुढे मात्र लवकर हार मानतो. त्याचे सुटे रेणू शाईत विरघळलेले असतात. प्रकाश पडत राहिला की ते मोडतात आणि ठसा फिकट होतो. भिंतीवर लावायचं कार्ड असेल तर पिगमेंट शाई घ्यावी. तिच्यात रंग विरघळलेला नसतो, त्याचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. कणाचा बाहेरचा थर प्रकाशाने झिजला तरी आतला माल शिल्लक राहतो. मात्र ती कागदाच्या वरच्या थरातच बसते, त्यामुळे वाळायलाही जास्त वेळ घेते. त्याचा फायदा पुढे होतो.

आता ठशाकडे वळू. रबरच का? लाकूड का नाही? लाकडी ठशांनी कापड छापणारे कारागीर टेबलावर आधी तागाच्या आणि कापडाच्या जाड घड्या घालतात. लाकूड कठीण, ते दबत नाही. मग खालचं काहीतरी दबायला हवं, नाहीतर जिथे उंचवटा तिथेच रंग लागेल. रबरी ठशात हा मऊपणा ठशालाच दिलेला असतो. कागदाच्या खाचखळग्यांप्रमाणे रबर स्वतः थोडं वाकतं आणि उचललं की पुन्हा जागेवर येतं.

हे ‘पुन्हा जागेवर येणं’ रबराला जन्मतः नीट जमत नव्हतं. झाडाच्या चिकापासून केलेलं कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होतं. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरने सरकारसाठी टपालाच्या रबरी थैल्या केल्या होत्या, त्या उकाड्यात पाघळल्या. बरीच वर्षं कर्ज आणि तुरुंग यांच्यात हेलपाटे घातल्यावर १८३९ मध्ये त्याला सापडलं, की रबरात गंधक घालून तापवलं तर ते ना पाघळतं ना तडकतं. रबराचे रेणू म्हणजे गुंतलेल्या लांबच लांब शेवया. गंधक त्यांना मधूनमधून एकमेकांशी गाठी मारतं. शेवया हलू शकतात, पण एकमेकींवरून घसरून निघून जाऊ शकत नाहीत. दाबलेला ठसा आपला आकार विसरत नाही तो या गाठींमुळे.

लंडनमध्ये थॉमस हॅनकॉकने याच प्रक्रियेच्या पेटंटसाठी अर्ज केला नोव्हेंबर १८४३ मध्ये. आणि त्याच शहरात, त्याच वर्षीच्या डिसेंबरात हेन्री कोल या गृहस्थाने पत्रांना उत्तरं लिहिण्याचा कंटाळा येऊन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचं एक कार्ड काढून घेतलं आणि त्याच्या प्रती छापल्या. छापील नाताळकार्डाची सुरुवात तीच मानतात. रबर आणि शुभेच्छापत्र एका गावात एका हंगामात उभे राहिले आणि त्यांना एकमेकांचा पत्ताही नव्हता! रबरी शिक्के आले ते पुढे, १८६० च्या दशकात, अमेरिकेत. आणि सुरुवातीचे शिक्के घडले ते दाताच्या डॉक्टरांकडच्या छोट्या भट्ट्यांमध्ये, ज्यांत तेव्हा कवळीचं रबर पक्कं करत.

घरी ठसा करायचा तर भट्टी नको, खोडरबर पुरे. इथे शब्दाची गंमत बघा: १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टलीने लिहून ठेवलं की हा पदार्थ पेन्सिलीच्या खुणा पुसायला उत्तम आहे, आणि घासणं या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्याचं नाव रबर पडलं. आज दुकानातली पांढरीशुभ्र मऊ खोडरबरं मात्र बहुतेक रबराची नसतातच. ती पीव्हीसी प्लॅस्टिकची असतात आणि तेलकट मऊकारक घालून लुसलुशीत केलेली असतात. हे मऊकारक जागचं हलतं. खोडरबर कंपासपेटीत प्लॅस्टिकच्या पट्टीला महिनाभर चिकटून राहिलं की पट्टीवर खड्डा पडलेला तुम्हीही पाहिला असेल. उष्णतेने नाही, मऊकारक पट्टीत शिरल्याने ती तिथे विरघळते. खोडरबराला कागदी वेष्टण असतं ते बरंचसं यासाठी. तेव्हा कष्टाने कोरलेले ठसे प्लॅस्टिकच्या डबीत टाकू नका, कागदात गुंडाळा.

कोरताना लेकीने पहिल्यांदा ‘दादा’ लिहिलं आणि छापून पाहिल्यावर ती आणि आरसा दोघेही गोंधळले. ठसा नेहमी उलटा कोरावा लागतो, हे सांगून समजत नाही, एकदा फसावंच लागतं. सोपा उपाय असा: ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने सुलटं लिहायचं, तो कागद पालथा घालून खोडरबरावर नखाने घासायचा. शिसं तिकडे उतरतं आणि अक्षर आपोआप उलटं होतं. देवनागरीत आरशात जवळजवळ तसंच दिसणारं अक्षर शोधायला आम्ही एक दुपार घालवली. ‘ठ’ सापडला. ठशाचाच ठ!

दाबायचं किती? इथे नवखी माणसं चुकतात; मीही चुकले. पाच सेंटिमीटर लांब-रुंद भरीव चौकोनावर पाच किलोचा जोर दिला तर तो पंचवीस चौरस सेंटिमीटरवर पसरतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला फक्त दोनशे ग्रॅम. त्याच आकाराच्या पण नुसत्या नाजूक रेषांच्या ठशात कागदाला टेकणारा भाग समजा अडीच चौरस सेंटिमीटरच असेल, तर तोच जोर दहापट होतो: दोन किलो. रेषा चेपतात, शाई कडांबाहेर ढकलली जाते आणि ठशाभोवती मळकट किनार येते. भरीव ठशावर उभं राहून अंगभार टाकावा, रेषांच्या ठशाला टिचकीभर दाब पुरे. आणि ठसा उचलला की सगळी शाई कागदावर गेलेली नसते. शाईचा थर मधोमध फाटतो, थोडी कागदाकडे, थोडी रबराकडे. म्हणून पुन्हा पॅडला न लावता दुसरा ठसा मारला तर तो फिका उठतो. झाडाच्या मागचं झाड दाखवायला ही फिकी पिढी फार कामाची.

पारदर्शक ठसे हल्ली सर्रास मिळतात. ते रबर नव्हे. अतिनील प्रकाशाने घट्ट होणारी द्रव राळ असते. नव्या ठशावर शाई अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखी थेंब धरून बसते. खोडरबराने किंवा अगदी बारीक पॉलिश पेपरने एकदा हलकं घासा, पृष्ठभाग खरबरीत झाला की शाई पसरते. रबरी ठसे धुवायला रॉकेल-थिनर मात्र वापरू नये. तेलकट द्रव नैसर्गिक रबराच्या शेवयांमध्ये शिरून त्यांना फुगवतात. साबणपाणी बास.

भाजीचे ठसे शाळेत सगळ्यांनीच केलेत, त्यामुळे लांबण लावत नाही. भेंडीची चांदणी म्हणजे तिच्या बीजकोषाचे कप्पे, बहुतेकदा पाच. बटाटा करकरीत असतो तो पेशींमध्ये ठासून भरलेल्या पाण्यामुळे. रात्रभर उघडा राहिला की टायरमधली हवा गेल्यासारखा लिबलिबीत होतो आणि ठसा वाकडा येतो. कापल्यावर फडक्याने टिपून घ्या, नाहीतर त्याचंच पाणी रंग पातळ करतं.

आता तो राखून ठेवलेला मुद्दा, हळू वाळणाऱ्या शाईचा. लग्नपत्रिकेवरची चकचकीत फुगीर अक्षरं आठवा. पत्रिकेच्या पाठीवरून बोट फिरवा: मागे खड्डा लागला तर ती साच्याने उठवलेली आहेत, पाठ सपाट असेल तर त्यावर बहुधा राळेची पूड वितळवलेली आहे. घरी तेच एम्बॉसिंग पावडरने होतं. ओल्या ठशावर पूड भुरभुरायची, जादा झटकायची आणि उष्णता द्यायची. कण वितळतात, एकमेकांत मिसळतात आणि पृष्ठताण त्या खडबडीत ढिगाची गुळगुळीत चमकती साय करून टाकतो. आपल्या डोळ्यांदेखत, दोन सेकंदांत. कितीही वेळा केलं तरी मी दरवेळी ‘आहा’ म्हणते. हेअर ड्रायरने हे होत नाही, त्याच्या फुंकरीने पूड वितळण्याआधीच उडते. हीट गन नसेल तर गरम इस्त्री पालथी, घट्ट धरून तिच्या किंचित वर कार्ड न्यायचं, पूड वरच्या बाजूला; हे मोठ्या माणसानेच करावं. नको तिथे पूड चिकटत असेल तर हिवाळ्यात दोष स्थिर विजेचा, पावसाळ्यात ओलाव्याचा. दोन्हींवर उपाय एकच: आधी कार्डावरून टाल्कम पावडरचा हलका हात.

राहिली घडी. यंत्रावरच्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेला झोपलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी सरळ बसते, आडवी घातली तर कड फाटल्यासारखी होते. दिशा ओळखायला कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून पाहा. ज्या बाजूने कमी अडतो ती घडीची. पुण्यात १९४० पासून चालत आलेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा सुती चिंध्यांचा कागद घेतला तर ही भानगड फारशी उरत नाही, कारण हाताने काढलेल्या कागदात तंतू चहूकडे पसरलेले असतात. आम्ही शेवटी तसाच कागद घेतला. खोडरबरात कोरलेलं बकुळीचं फूल, पिगमेंट शाई, वर तांबूस पूड.

चार दिवसांनी भावाने पाकिटाचा फोटो पाठवला. कार्ड व्यवस्थित होतं. पाकिटावर तिकिटाच्या कडेला टपालखात्याचा गोल काळा शिक्का स्वच्छ उठला होता, गाव आणि तारखेसकट. तो शिक्का धातूचा असतो, अजिबात न दबणारा. म्हणूनच टपाल कचेरीत पाकिटाखाली रबराची जाड गादी असते.